तिष्ठणारे बंब

मराठीत ‘बंब’ या एका शब्दाच्या छत्राखाली परस्परविरुद्ध धर्माच्या दोन वस्तू वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदत आल्या आहेत. त्यांपैकी पहिली न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभी असे. चिंचेने घासून उजळलेली, तांब्याची, पोटातल्या नळीत निखारे धरणारी आणि त्या नळीभोवतीचे पाणी सकाळच्या स्नानापुरते तापविणारी. दुसरी शहराच्या ठाण्यात उभी असते. तांबडी, घंटेची, आणि वर्दी येताच पाण्याचा सरंजाम घेऊन अग्नीवर चालून जाणारी. एकीत अग्नी पाण्याची सेवा करतो, तर दुसरीत पाणी अग्नीचा प्राण घेते. पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’पासून, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपाच्या नावापासून, हा शब्द आपल्याकडे आला आणि त्याने आपल्या घरात व आपल्या नगरपालिकेत अशा दोन ठिकाणी वतन मिळविले. एकोणिसाव्या शतकात विलायतेत आणि अमेरिकेत वाफेवर चालणारा आगीचा बंब निघाला, त्याचे चित्र पाहिले म्हणजे मात्र ही भाषेची गफलत होती की दूरदृष्टी, असा प्रश्न पडतो. कारण त्या यंत्राच्या पाठीवरचे उभे बाष्पपात्र ही आपल्या न्हाणीघरातल्या बंबाची थोरली बहीणच होय. खाली आग, वर धुराडे, मध्ये पाणी. आणि त्या आगीने काढलेल्या वाफेच्या बळावर दुसऱ्या आगीवर पाण्याचा मारा.

निवृत्त झालेले असे बंब विकत घ्यावेत, त्यांचे झिजलेले भाग हाताने घडवून बसवावेत, त्यांना यथासांग रंगवावे, प्रसंगी आपल्या आवडीप्रमाणे त्यांत फेरफार करावेत, आणि जे विकत घेणे शक्य नाही त्यांची निदान छायाचित्रे तरी जमवावीत, हा छंद अमेरिकेत चांगलाच रुळलेला आहे. दुरून पाहणाऱ्यास हा एका धनाढ्य देशाचा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे, आणि घराच्या आवारात सात-आठ टनांचे वाहन उभे करून दर रविवारी त्याचे पितळ घासीत बसणाऱ्या गृहस्थाकडे पाहून त्याच्या शेजाऱ्यांनाही क्वचित तसे वाटत असेल. तथापि आगीच्या बंबाचा इतिहास मुळापासून पाहू गेले असता असे आढळते की या छंदात नवे असे थोडेच आहे. ज्या हातांनी बंब चालविले त्याच हातांनी ते प्रथम सजविले, बदलले आणि चितारले, आणि त्याचे कारण या यंत्राच्या स्वभावातच आहे. गिरणीचे यंत्र दिवसभर राबते, आगगाडीचे इंजिन रात्रंदिवस धावते; बंबाचे आयुष्य मात्र बहुतांशी उभ्या उभ्या जाते. त्याचा खरा व्यवसाय तिष्ठणे हा आहे.

आधुनिक बंबाचा एक प्रमुख शिल्पकार पेशाने चित्रकार होता, हा योगायोग येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ॲमस्टरडॅमचा यान व्हान डर हेडन हा नगरातील घरे, कालवे आणि विटांच्या भिंती अतिसूक्ष्म रेखाटण्याबद्दल प्रसिद्ध असलेला कलावंत. त्याने आपल्या भावाच्या साहाय्याने १६७२ च्या सुमारास बंबाला लवचिक चामडी नळी जोडली. तोपर्यंतच्या बंबाची तोटी यंत्रावरच घट्ट बसविलेली असल्यामुळे यंत्र जळत्या घरापर्यंत ओढीत न्यावे लागे आणि पाणी दर्शनी भिंतीवर आपटून खाली ओघळे; नळी आल्यावर माणूस ती घेऊन आगीच्या अंतर्भागात शिरू शकला. १६९० मध्ये हेडनने आपल्या बंबांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात जुन्या बंबांनी आग विझविताना उडालेली त्रेधा व नव्या बंबांची करामत ही दोन्ही ताम्रपटांवर कोरलेल्या चित्रांनी शेजारी शेजारी दाखविली. यंत्र सुधारणारा आणि यंत्राचे चित्र काढणारा एकच मनुष्य असावा, अशा रीतीने या परंपरेचा आरंभ झाला आहे.

पुढे लंडनच्या रिचर्ड न्यूशॅम याने १७२१ आणि १७२५ साली एकस्वे मिळवून जो हातबंब बनविला, त्याच्या दोन्ही अंगांना लांब दांडे होते. माणसे ते दांडे वरखाली करीत, काही जण मधल्या पावड्यांवर उभे राहून पायांचा जोर लावीत, आणि पाण्याची अखंड धार सुटे. असे दोन बंब १७३१ साली न्यूयॉर्कने समुद्रापलीकडून मागविले. त्यानंतर पाच वर्षांनी फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँक्लिनच्या पुढाकाराने नागरिकांचे स्वयंसेवी अग्निशामक मंडळ स्थापन झाले, आणि पुढील शंभराहून अधिक वर्षे अमेरिकेच्या नगरांतील आगी सुतार, खाटीक, मुद्रक, दुकानदार अशा बिनपगारी लोकांनी विझविल्या. या मंडळांची ईर्षा इतकी तीव्र होती की आगीपर्यंत प्रथम पोहोचण्यावरून रस्त्यात मारामाऱ्या होत. आग रोज लागत नाही. म्हणून उरलेल्या दिवसांत ही ईर्षा बंबाच्या अलंकरणात ओतली जाई. पितळेला झिलई, लाकडावर कोरीव काम, सोन्याच्या वर्खाच्या रेघा, आणि बाजूच्या फळ्यांवर पुराणातील देवता, युद्धप्रसंग किंवा देशभक्तांची चित्रे. आणि ही चित्रे काढण्यासाठी फिलाडेल्फियाच्या जॉन वुडसाइडसारखे नामांकित चित्रकार नेमले जात. आपल्याकडे रथोत्सवापूर्वी देवाचा रथ ज्या निष्ठेने रंगविला जातो, त्याच निष्ठेने हे लोक मिरवणुकीपूर्वी आपला बंब सजवीत. न्यूयॉर्कच्या या स्वयंसेवकांचे पिवळट तपकिरी डगले ‘बफ’ रंगाचे म्हणून ओळखले जात. त्यावरून आगीमागे धावणाऱ्या हौशी लोकांना ‘बफ’ हे नाव पडले, आणि पुढे कोणत्याही विषयाच्या वेड्या रसिकाला इंग्रजीत तेच नाव लागू झाले. छंदिष्ट या अर्थाचा एक शब्दच जगाला देणारा असा हा छंद आहे.

या सजविलेल्या हातबंबांचे राज्य वाफेने संपविले. ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ साली लंडनमध्ये वाफेचा बंब करून दाखविला होता. परंतु त्याचा खरा अंमल बसला तो ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात. तेथे लॅटा बंधूंनी बनविलेला अवजड वाफबंब नगराने स्वीकारला, आणि १ एप्रिल १८५३ रोजी पगारी लोकांचे अग्निशामक दल उभे राहिले. स्वयंसेवकांनी या यंत्राचा कडाडून द्वेष केला, आणि त्यांच्या दृष्टीने तो रास्त होता. चाळीस माणसांच्या बाहूंचे काम एका बाष्पपात्राने केले, तर त्या चाळीस जणांची मंडळी, तिची मिरवणूक आणि नगराच्या राजकारणातील तिचा दरारा, ही सर्व एका फटक्यासरशी अनावश्यक ठरत होती. न्यूयॉर्कमध्ये हा बदल १८६५ साली झाला, आणि वाफेबरोबर बंबाच्या ठाण्यात घोडे आले.

घोड्यांच्या त्या ठाण्यातील व्यवस्था म्हणजे तिष्ठण्याच्या शास्त्राचा परमोत्कर्ष होता. घोड्यांचा साज छतापासून दोऱ्यांनी लोंबकळत ठेवलेला असे. घंटा वाजताच तबेल्याची दारे उघडत, शिकविलेले घोडे आपापल्या जागी येऊन उभे राहत, आणि वरून साज त्यांच्या पाठीवर उतरे. बंबाच्या बाष्पपात्रातील पाणी थंड होऊ नये म्हणून ठाण्यातल्याच एका वेगळ्या शेगडीशी ते नळीने जोडून अहोरात्र गरम ठेवले जाई. बंब बाहेर पडता क्षणी ती जोडणी सुटे, खाली रचून ठेवलेले सरपण पेटविले जाई, आणि आगीच्या जागी पोहोचेपर्यंत वाफ तयार होई. कधी येईल याचा नेम नसलेल्या पाहुण्यासाठी रात्रंदिवस पाणी तापवून ठेवणाऱ्या घरासारखे ते ठाणे होते.

मोटारीचे युग आले तेव्हा नगरांपुढे एक पेच उभा राहिला. वाफबंब उत्तम स्थितीत होते, कारण ते वापरलेच थोडे गेले होते. निरुपयोगी ठरले होते ते घोडे. तेव्हा अनेक अग्निशामक दलांनी बंबाचा पुढला आस कापून काढला आणि त्या जागी जॉन वॉल्टर ख्रिस्टी याने १९१२ पासून विक्रीस आणलेला दुचाकी मोटार-ट्रॅक्टर जोडला. पुढे पेट्रोलचे इंजिन, मागे वाफेचे. पुढचे बंब ओढणार, मागचे पाणी फेकणार, असे ते अर्धनारीनटेश्वराचे ध्यान पुष्कळ वर्षे रस्त्यावरून धावले. हाच ख्रिस्टी पुढे रणगाड्यांच्या बांधणीत गुंतला, आणि त्याने शोधलेली चाकांचे धक्के झेलणारी रचना दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या प्रसिद्ध टी-३४ रणगाड्याखाली होती. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलातील घोड्यांची शेवटची दौड २० डिसेंबर १९२२ रोजी ब्रुकलिनमध्ये झाली. एल्मायरा येथील अमेरिकन लाफ्रान्स या कंपनीने आपला पहिला मोटारबंब १९१० साली लेनॉक्स गावाला दिला होता. तर सिनसिनाटीच्या आहरन्स-फॉक्स या कारखान्याचे बंब आपल्या नाकावरील चकाकत्या गोलामुळे कोसभरावरून ओळखू येत. हा गोल शोभेचा नव्हता. दट्ट्यांच्या पंपातून पाणी ठोक्याठोक्याने येते. त्या गोलात कोंडलेली हवा प्रत्येक ठोका आपल्या अंगावर झेलून पाण्याची धार एकसारखी करते. आज या छंदाच्या दुनियेत त्या गोलाच्या बंबांना सरदारकीचा मान आहे.

हे बंब बाजारातल्या मोटारींप्रमाणे एका साच्यातून निघत नसत. प्रत्येक नगराची अग्निशामक समिती आपला जाबता कारखान्याकडे पाठवी: घंटा कोठे असावी, शिडी किती लांब, दिवे कोणत्या बाजूस, नगराचे नाव कोणत्या वळणाच्या अक्षरात, आणि कारखाना तो मजकूर बरहुकूम उतरवून देई. या स्वतंत्र बाण्याचा परिणाम नेहमीच गोड झाला असे मात्र नाही. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराचा मध्यभाग पेटला तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून बंब मदतीस धावून आले. परंतु त्यांपैकी कित्येकांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांच्या आट्यांशी जुळेनात, कारण प्रत्येक नगराने आपले आटे आपल्या मर्जीने पाडून घेतले होते. पाणी जवळ, बंब जवळ, माणसे तयार, आणि मध्ये पेराएवढ्या पितळेचे वैर. सुमारे पंधराशे इमारती जळून गेल्यावर देशभर एकाच मापाच्या आट्यांचा प्रमाण-शिरस्ता घालण्याचे ठरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर नवे बंब आले तसे हे जुने बंब प्रथम लहान गावांकडे आणि मग, ‘बंब’ या शब्दाप्रमाणेच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या ‘लिलाव’ या शब्दाच्या तोंडी गेले. पुष्कळसे मोडीत निघाले. काही वाचले, आणि ते वाचले याचे श्रेय त्यांच्या तिष्ठण्याला आहे. तीस वर्षे सेवा केलेल्या बंबाचा रंग उडालेला असेल, परंतु त्याच्या चाकांनी तोडलेले अंतर एखाद्या फिरत्या व्यापाऱ्याच्या मोटारीच्या तीन-चार वर्षांच्या प्रवासाइतके भरले तरी पुष्कळ. आणि ती तीस वर्षे त्याने छपराखाली, रोज पुसून घेत काढलेली असत. १९५५ च्या नाताळात जॉर्ज गेट्झ या उद्योजकास त्याच्या पत्नीने १९२४ सालचा एक अमेरिकन लाफ्रान्स बंब भेट म्हणून दिला. नाताळच्या भेटी पाकिटात किंवा पेटीत मावाव्यात हा संकेत या बाईंनी मानला नाही, आणि त्यांच्या यजमानांनीही एका बंबावर संतोष मानला नाही. त्यातून वाढत गेलेला संग्रह १९६१ साली विस्कॉन्सिन राज्यात लोकांसाठी खुला झाला आणि १९७४ मध्ये ॲरिझोनाच्या वाळवंटातील फीनिक्स शहरी जाऊन तेथील मोठे संग्रहालय बनला. दरम्यान १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे जुन्या मोटारबंबांचे जतन करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली, आणि एकेकट्या वेड्यांचा एक पंथ झाला.

या पंथाचे कर्मकांड कष्टाचे आहे. प्रथम रंग घासून काढावयाचा. आणि येथेच बंब आपली कैफियत सांगू लागतो. वरच्या तांबड्या थराखाली दुसरा तांबडा थर, त्याखाली कदाचित पांढरा. आणि एका गावाच्या नावाखाली, सोन्याच्या वर्खाची पुसट रेघ बनून, त्याच्या आधीच्या शहराचे नाव. जुन्या दप्तरातील खोडलेल्या नोंदी वाचाव्यात त्याप्रमाणे हे थर वाचले जातात. मग पंपातील झिजलेल्या दात्यांची पारख, लाकडी चाकांच्या आऱ्यांची डागडुजी, साखळीच्या दुव्यांची गणना. एका आग्रहाने ठेवलेल्या दुहेरी व्यवस्थेचे येथे नवशिक्यास आश्चर्य वाटते: त्या काळच्या कित्येक बंबांच्या इंजिनात ठिणगी पाडण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असत, कारण महिनाभर उभ्या राहिलेल्या यंत्राने बोलाविल्याक्षणी ‘हजर’ म्हटलेच पाहिजे, आणि एक यंत्रणा रुसली तर दुसरीने तिची अब्रू राखली पाहिजे. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. मेणाचा किंवा लाकडाचा साचा करून ते ओतून घ्यावे लागतात.

आणि मग पंथातला जुना वाद उपस्थित होतो. बंब कोणत्या दिवसाच्या रूपात परत आणावयाचा? एक पक्ष म्हणतो, कारखान्याच्या दारातून निघाला त्या दिवशीच्या. दुसरा म्हणतो, ठाण्यातून निवृत्त झाला त्या दिवशीच्या, त्याच्या पोच्यांसकट आणि ठिगळांसकट. तिसरा, अधिक स्वच्छंद, त्यात नवे इंजिन बसवितो, आपल्या आवडीचे दिवे लावतो, लग्नाच्या वरातीत वधूवरांना त्यावरून मिरवितो, आणि पहिल्या दोन्ही पक्षांच्या शिव्या खातो. मला या तिसऱ्याविषयी किंचित सहानुभूती वाटते. ख्रिस्टीचा ट्रॅक्टर जोडण्यासाठी ज्यांनी वाफबंबाचा आस कापला त्या अधिकाऱ्यांनी मूळ रूपाची पर्वा केली नव्हती, आणि आज तेच कापलेले बंब ऐतिहासिक म्हणून जसेच्या तसे जतन केले जातात. मात्र त्या अधिकाऱ्यांना आग विझवायची होती, आणि आपल्या छंदिष्टाला फक्त वरात काढावयाची आहे, एवढा भेद दृष्टिआड करून चालणार नाही.

या वादात निवाडा देणारा साक्षीदार म्हणजे छायाचित्र. कारखाने नवा बंब रवाना करण्यापूर्वी आवारात उभा करून त्याचे बाजूने छायाचित्र घेत. ते हिशेबाच्या आणि जाहिरातीच्या कामासाठी असे, परंतु आज घंटा डावीकडे होती की उजवीकडे हे त्यावरूनच ठरते. हौशी छायाचित्रकारांनी याला ठाण्यांतील आणि रस्त्यांवरील चित्रांची भर घातली. त्यांचा नियम साधा आहे: बंब दाराबाहेर काढलेला, सूर्य आपल्या पाठीशी, पुढला भाग आणि एक बाजू एकाच वेळी दिसेल असा तिरपा कोन, क्रमांक स्पष्ट, आणि चौकटीत माणूस नको. कृष्णधवल चित्रांनी एक गोष्ट मात्र दडवून ठेवली, ती म्हणजे रंग. जुना करडा रंग पाहून तो तांबडा की हिरवा हे सांगता येत नाही. १९७० नंतर काही नगरांनी संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तांबडा रंग काळवंडतो म्हणून लिंबासारखे पिवळे-हिरवे बंब घेतले. नेत्रतज्ज्ञांचे मत त्या रंगाच्या बाजूचे होते, तरी लोकांच्या मनातला बंब तांबडाच राहिला, आणि कित्येक नगरे शेवटी त्या रंगाकडेच परतली.

या चित्रांत माणूस का नको, या प्रश्नाने मला नेहमी आपल्या मुंबईची आठवण होते. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्यातील वस्तीचा मोठा भाग जळाला होता. पुढे आग विझविण्याचे काम बराच काळ पोलिसांकडे राहिले आणि १८८७ साली मुंबईला स्वतंत्र अग्निशामक दल मिळाले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर, जेथे कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आग लागली. दुपारभर दलाचे जवान धक्क्यावरून जहाजाच्या पोटात पाणी सोडीत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण मारले गेले, आणि धक्क्यावर उभे असलेले बंब त्यांच्याबरोबर गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळे. त्या बंबांचे पितळ घासावयास कोणी उरले नाही आणि घासावयास पितळही उरले नाही. संग्रहालयांतून जे लखलखीत बंब आपण पाहतो ते भाग्यवंतांचे आहेत. ज्यांची भयंकर आगीशी गाठ पडली त्यांतले पुष्कळसे तेथे पोहोचलेच नाहीत.

अमेरिकेत उन्हाळ्यात हे छंदिष्ट आपले बंब घेऊन एखाद्या तळ्याकाठी जमतात. शोषनळ्या पाण्यात सोडल्या जातात, हातबंबाचे दांडे दोन्ही अंगांनी वरखाली होतात, एखाद्या वाफबंबाच्या धुराड्यातून धूर निघू लागतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या तोट्यांतून पाणी आकाशात उसळून पुन्हा त्याच तळ्यात पडते. कोठेही आग नसते. मुले भिजतात, पंचांची मंडळी कोणाची धार किती उंच गेली ते टिपून घेते, आणि संध्याकाळी बंब पुसून, नळ्या वाळवून, ते आपापल्या छपराखाली परत नेले जातात, जेथे ते पुन्हा तिष्ठत उभे राहतील.